पिकायला ठेवलेलं पाणी

परवा केनवडहून संध्याकाळच्या बसनं परत येत होते. मालेगाव मागं पडलं आणि कुणाच्या तरी शेतात हळद शिजत असल्याचा वास खिडकीतून आत आला. उकडलेल्या कंदाचा गोडसर, थोडा कडवट, ओल्या मातीसारखा वास. आमच्याकडे फाल्गुन लागला की तो पंधरा-पंधरा दिवस रस्त्यांवरून हलत नाही. नकळत मी खिडकीची काच ओढून घेतली. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "काहून लावली वं? हवा येऊन राह्यली ना चांगली." मी काच परत सरकवली.

हा वास आला की मला माझ्याच घराची पुढची खोली आठवते. वाशिमच्या जुन्या वस्तीतली, दहा बाय बाराची. त्या खोलीत मी आजही राहते, रोज तिचा केर काढते. पण आठवते ती आजची खोली नाही. ती त्या एका उन्हाळ्यातली खोली असते. एक पलंग, एक कूलर, तीन फुटांवर शेजाऱ्यांची विटांची भिंत दाखवणारी एक खिडकी, आणि आत आम्ही दोघं, मी आणि बाबा.

बाबा लाल बसवर ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी या जिल्ह्याचे रस्ते तुडवले. घरात ते पाहुण्यासारखे असायचे. अंघोळ, जेवण, झोप, की पुन्हा ड्यूटी. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी पुण्याला एका लॅबमध्ये लागले. लोकांचं रक्त तपासायचं, नळ्यांमधले रंग बघायचे, आकडे लिहायचे. नोकरी साधी होती, पण माझी होती. एक खोली होती, दोन मैत्रिणी होत्या, रविवारी टेकडीवर फिरायला जाणं होतं.

त्या वर्षी हळदीच्याच दिवसांत शेजारच्या विमलकाकूंचा फोन आला. "रेखा, तुह्या बाबाचं तोंड वाकडं झालं वं. हात उचलून नाई राह्यले. लवकर ये बाई."

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो घरी आणल्याचा दिवस. रिक्षातून दोघांनी उचलून त्यांना पलंगावर ठेवलं, विमलकाकूंनी चहा आणला, सगळे गेले, आणि दार लोटून मी मागं वळले. बाबा माझ्याकडे बघत होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा पडला होता. त्यांना काहीतरी हवं होतं. बराच वेळ ओठ हलले आणि शब्द आला, "डिझेल."

पाणी हवं होतं. ते मला दोन दिवसांनी कळलं.

त्यांचे शब्द गेले नव्हते, जागा बदलून बसले होते. घरातले शब्द सापडत नव्हते, आगारातले पटकन यायचे. पाण्याला डिझेल, उशीला सीट. पहिल्यांदा मला हसू आलं. तेही हसले. आठ दिवसांनी दोघंही हसेनासे झालो.

लॅबनं दोन महिन्यांची रजा दिली होती. माझ्या जागेवर तात्पुरती एक मुलगी घेतली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोज बघायची. सकाळी त्यांना उठवून बसवायचं, मोरीत नेऊन अंघोळ घालायची. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घातली. मग व्यायाम, भरवणं, गोळ्या, पुन्हा व्यायाम. दुपारी कूलरचं पाणी संपायचं, नळ आठ दिवसांतून एकदा यायचा. खिडकीतून पाहावं तर विटा. त्या विटा मी मोजल्या नाहीत, पण त्यांतली कुठली तिरपी बसली आहे ते मला आजही सांगता येईल. पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला की मी "सगळं ठीक" म्हणायची आणि मोरीत जाऊन कोरड्या तोटीशी उभी राहायची.

पहिल्याच आठवड्यात मी औषधं आणायला गेले असताना बाबा पलंगावरून उतरून दाराकडे निघाले आणि उंबऱ्यावर पडले. हनुवटी फुटली. त्या दिवसापासून बाहेर जाताना मी दाराला बाहेरून कडी लावू लागले. आवाज होऊ नये म्हणून ती बोटानं दाबून हळूच सरकवायचे. त्यांना कळत नसेल असं मी स्वतःला सांगायचे.

माशांचं वेड शिरलं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात. तपासणीला नेलं होतं, गर्दी होती, तासभर थांबावं लागलं. घरात टीव्ही लावला की बाबा कान झाकायचे, माणसं भेटायला आली की तोंड फिरवायचे. पण तिथं कोपऱ्यात एक काचेची पेटी होती, तिच्यात चार-पाच मासे फिरत होते, आणि बाबा तासभर हलले नाहीत. नंबर आला तरी उठेनात. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "चालू... होतं." इतकंच. मला वाटलं, आपल्या खोलीतही काहीतरी चालू असावं.

दुसऱ्याच दिवशी आठवडी बाजारात एक माणूस मोटारसायकलला पाण्याच्या पिशव्या टांगून मासे विकताना दिसला. मी काचेचं गोल भांडं घेतलं, रंगीत खडे घेतले, सहा सोनेरी मासे घेतले. "काही नाही करा लागत ताई, पाणी टाका न् सोडा," तो म्हणाला. मी घरी आले, भांडं साबणानं लख्ख घासलं, खडे उकळत्या पाण्यातून काढले. लॅबमध्ये काम केलेली मी, स्वच्छता माझ्या हातात होती. त्या दिवशी नळ आला होता. ब्लिचिंगचा वास असलेलं ताजं पाणी भरलं आणि पिशवी कापून मासे आत ओतले. बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवलं. बाबांनी डावा हात काचेला लावला. मासे हातापाशी आले. त्या संध्याकाळी त्यांनी पूर्ण पोळी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी सगळं ओतून दिलं, भांडं पुन्हा घासलं, नवं पाणी भरलं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. मला वाटलं भूक लागली, जास्त खाणं टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी एक उलटा तरंगत होता. मी पुन्हा घासलं. पाचव्या दिवशी दोन. बाबा सगळं बघत होते. मी मेलेला मासा चमच्यानं काढताना त्यांची नजर चमच्याबरोबर दारापर्यंत जायची.

शेवटचा मासा दीड दिवस एका बाजूला कलून, तळाशी खड्यांवर पडून होता. कल्ले हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. बाबा त्याच्याकडे बघून रडायला लागले. आजारानंतर त्यांना रडू आवरायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. तरीही मी ओरडले. "रडून काय होते? मी काय करू? मले तरी कुठं सुटता येते इथून! तुमीबी असेच पडून, हाबी असाच पडून, आन् मीबी इथंच सडून राह्यली!"

विमलकाकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार. बाबांनी रडणं थांबवलं. एकदम, नळ बंद केल्यासारखं. मान भिंतीकडे वळवली आणि दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. भरवलं की खायचे, उठवलं की उठायचे. मी माफी मागितली नाही. मला माफी मागायची होती, पण जे बोलले ते खरं होतं, आणि खऱ्या बोलण्याची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं.

रिकामं भांडं पिशवीत घालून मी ते परत करायला निघाले तर बाजाराचा दिवस नव्हता. वाटेत शकीलचाचांचं काचेचं दुकान लागलं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोफ्रेमा. आई गेल्यावर तिच्या फोटोची काच त्यांनीच बसवली होती, पण दुकानाच्या आत मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी दारातून पाहिलं तर आत, काच कापायच्या टेबलामागं, भिंतभर लांब एक टाकी होती. हिरवी लांब पाती, त्यांच्यात बोटाएवढे मासे, शेपट्या पंख्यासारख्या. पाणी इतकं नितळ की आधी मला ती रिकामीच वाटली.

"चाचा, माझे मेले," मी म्हणाले. एवढंच बोलले आणि मला तिथं उभ्याउभ्या रडू आलं.

त्यांनी स्टूल पुढं केलं. नाकावरचा चष्मा कपाळावर नेला, माझ्या पिशवीतलं भांडं बाहेर काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. "किती दिवसांत?"

"आठ."

"रोज धुतलं?"

"हो. अगदी साबणानं."

"तेच तर. धुवून धुवून मारले तुमी, बेटा." ते हसले नाहीत, म्हणून मला बरं वाटलं. "पाणी कच्चं होतं. मच्छी कच्च्या पाण्यात नाई राहत. पाणी पयले पिकू द्या लागते."

मी विचारलं, पाणी कसं पिकतं? त्यांनी काच कापता कापता सांगितलं. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचं पाण्यात जहर होतं. डोळ्यांना न दिसणारे जीव ते जहर खातात. ते जीव खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजावर घर करतात, पण त्यांना यायला वेळ लागतो. मी रोज घासून त्यांचं घर मोडत होते. "आन् ह्या गोल भांड्यात तर सोनेरी मच्छी म्हंजे लग्नाच्या वऱ्हाडाले रिक्षात कोंबल्यासारखं आहे," ते म्हणाले.

मी पुण्यात दिवसभर जंतू बघत होते. जंतू म्हणजे रोग, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका काचवाल्यानं मला सांगितलं की जगण्यासाठी ते लागतात.

त्यांनी दोन फूट लांबीची टाकी बनवून दिली. कडा सिलिकॉननं जोडल्या, दोन दिवस वाळू दिल्या, दुकानातच पाणी भरून गळते का ते पाहिलं. घरी येऊन स्वतः भिंतीशी, उन्हापासून दूर, भक्कम बाकावर, खाली थर्माकोल घालून बसवली. खडे नुसत्या पाण्यानं धुवायचे, साबण नाही. नळाचं पाणी ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवूनच भरायचं. स्पंजाचा फिल्टर लावला, त्याला हवेचा छोटा पंप. मग त्यांनी आपल्या टाकीतला जुना, काळपट स्पंज आणला होता तो माझ्या टाकीत पिळला. घाणेरडं तपकिरी पाणी पसरलं. मी चमकून पाहिलं.

"हे विरजण समजा," चाचा म्हणाले.

"मासे कधी?"

"वीस दिवस. महिनाबी लागते कधी. रोज चिमूटभर खाणं टाका, मच्छी आहे असं समजून. ते सडन, तवा जीव वाढन. पाण्याले घाई नाई, तुमाले असन." मग ते बाबांकडे वळले. "काय ड्रायव्हरसाहेब, लक्ष ठेवाल ना?"

बाबांनी मान हलवली.

असे आमचे चैत्रातले दिवस सुरू झाले. खोलीत एक टाकी, टाकीत खडे, दोन-तीन लांब पात्यांची झाडं, स्पंजातून वर येणारे बुडबुडे, आणि मासा एकही नाही. विमलकाकू डबा घेऊन आल्या की कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "नुसतं पाणीच पाहून राह्यले का तुमी दोघं? वेड लागलं का वं?" मी रोज रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाणं टाकायची. बाहेर ऊन इतकं की गल्लीतली कुत्री मोरीच्या पाटात बसायची. रजेचे दिवस संपत चालले होते. मैत्रिणीनं सांगितलं की ती तात्पुरती मुलगी चांगली आहे, साहेब खूश आहेत. मी टाकीकडे बघत बसायची आणि मला वाटायचं, आपण तिघं एकाच पेटीत आहोत, मी, बाबा आणि हे पाणी. फरक इतकाच की पाण्याचं काहीतरी होतंय.

चाचांनी तपासणीच्या थेंबांची बाटली मागवून दिली होती. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि रंग कार्डाशी लावून बघायचा. पिवळा म्हणजे जहर नाही, हिरवा म्हणजे आहे. नळी हातात धरल्यावर कित्येक आठवड्यांनी माझी बोटं आपोआप चालली. मी नळी उजेडाला धरली. बाबा बघत होते. मी सहज कार्ड त्यांच्यापुढं धरलं. "बाबा, कोणता?"

त्यांनी कार्ड बघितलं, नळी बघितली. ओठ हलले. मी वाट बघितली. डिझेल येईल, सिग्नल येईल असं वाटलं.

"हिरवा," बाबा म्हणाले.

रिक्षातलं 'चालू' सोडलं तर आजारानंतरचा हा पहिला शब्द, जो स्वतःच्या जागेवर होता. मी नळी धुवायला घेतली. बोलले असते तर तो पळून गेला असता असं वाटलं. मग रोज सकाळी आम्ही नळी तपासायचो. हिरवा. गर्द हिरवा. एक दिवस ते चिडून म्हणाले, "अजून हिरवाच!" दोन शब्द एका ओळीत. मग पोपटी, मग पिवळसर. आणि एका सकाळी त्यांनी कार्ड माझ्या हातातून डाव्या हातानं घेतलं, नळीशी धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिवळा. मासे आन."

मासे म्हणजे पाच गप्पी. चाचांनीच दिले. आपल्याकडच्या जड पाण्यात हे टिकतात, म्हणाले. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग थोडंथोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत गेले. बाबांनी मला घाई करू दिली नाही. हात वर करून थांबवायचे, मग खुणावायचे, आता टाक. शेवटी मासे स्वतःच बाहेर पडले. एक थेट झाडांत शिरला. दुसरा काचेला नाक लावून बाबांसमोर थांबला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, कुणी मेलं नाही. दर आठवड्याला मी चौथा हिस्सा पाणी बदलायची, टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळायची. खाणं टाकणं बाबांचं काम होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांत मावेल इतकंच.

माझी रजा वाढली नाही. लॅबचा फोन आला, साहेब गोड बोलले, आणि त्या गोडपणातच मला कळलं की ती जागा आता त्या मुलीची आहे. बाबांना मी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात कळलं की केनवडला एका डॉक्टरांनी रक्ततपासणीची छोटी लॅब काढली आहे, माणूस हवा आहे. मी मुलाखतीला जायचं ठरवलं. विमलकाकू माहेरी इंझोरीला गेल्या होत्या. दोन-तीन तासांचं काम, असा विचार करून मी बाबांजवळ पाणी ठेवलं, खाणं ठेवलं, "बँकेत जाऊन येते," म्हणाले, आणि बाहेरून कडी लावली. बोटानं दाबून, हळू.

मुलाखत झाली. परतीच्या बसमध्ये बसले आणि केनवड सुटून दोन मैलही झाले नसतील तोच आभाळ काळं झालं. वैशाखातलं वादळ. धुळीचा लोट आला, पत्रे उडताना दिसले, आणि पुढं रस्त्यावर एक बाभूळ आडवी झाली, तिच्यामागं एक कडुनिंब, तारांसकट. बस थांबली. पुढं गाड्यांची रांग, मागं रांग. फोनला रेंज नाही. काकू नाहीत. चाचांचा नंबर माझ्याकडे नव्हता. लाईट गेलेली असणार हे उघड होतं. कूलर बंद, पंखा बंद, पंप बंद, पत्र्याखालच्या बंद खोलीत बाबा, आणि बाहेरून कडी. माझ्या हातानं. तीन तास मी त्या बसमध्ये बसून होते. कुणी शेंगा वाटल्या, कुणी गाणं लावलं. मला फक्त ती कडी दिसत होती. आग लागली तर? चक्कर आली तर? हाक मारली तर कोण ऐकणार, आणि कुठल्या शब्दानं मारतील? मी कंडक्टरला म्हणाले, मी चालत जाते. तो म्हणाला, "पागल झाल्या का ताई, तारा पडल्या आहेत."

घरी पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. गल्लीत लाईट नव्हतीच. कडी मी एकदम ओढली, या वेळी आवाज झाला.

बाबा पलंगावर नव्हते. खुर्ची टाकीला लागून होती. ती तिथपर्यंत त्यांनी कशी ओढली कोण जाणे. बनियन घामानं आणि पाण्यानं चिंब. डाव्या हातात पितळी तांब्या. टाकीतून तांब्या भरायचा, हात डोक्याइतका वर न्यायचा, आणि पाण्याची धार वरून टाकीत सोडायची. पुन्हा भरायचा. पुन्हा. पंप बंद पडला की हवा कमी पडते, मासे वर येऊन गुदमरतात, हे चाचा मला सांगत असताना त्यांनी ऐकलं होतं. गारव्यासाठी टाकीच्या एका बाजूला ओला टॉवेलही टाकला होता. उजवा हात टाकीच्या काठावर होता, आणि त्याची बोटं काठ धरून होती. नुसती ठेवलेली नव्हती, धरून होती.

पाचही मासे फिरत होते.

मी खाली बसले. बाबांनी तांब्या खाली ठेवला नाही. धार सोडतच म्हणाले, "कुठं... होती?"

मी खरं सांगितलं. पुण्याची नोकरी गेली तेही, केनवडचंही. ते ऐकत राहिले. मग तांब्या थांबला. बराच वेळ शब्द शोधले, एकेक, मी मध्ये काही पुरवलं नाही.

"कडी," ते म्हणाले. "रोज... लावतं. मले... ऐकू येते."

"तुमी पडले होते ना बाबा. मले भेव वाटते."

"तीस वर्षं गाडी चालवली म्या." एवढं मोठं वाक्य आजारानंतर पहिलं. "एकाबी पॅसेंजरले... कोंडलं नाई." दम घेतला. "पडीन तं पडीन. तू नोको... लावू."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बाजाराच्या माशांसाठी ओरडले होते त्याची माफी मी तेव्हा मागितली, कडीचीही मागितली. त्यांनी ओल्या हातानं माझ्या केसांवर दोनदा थापटलं आणि पुन्हा तांब्या उचलला, कारण लाईट अजून आली नव्हती. थोड्या वेळानं मी तो त्यांच्या हातातून घेतला. मग आम्ही आळीपाळीनं धार धरली.

दुसऱ्या दिवशी मी कडी काढून टाकली. चार स्क्रू होते, एक गंजलेला, निघेना. कडी वाकवून उपटली, तो दारात तसाच राहिला. म्हणजे मी मोकळी झाले असं नाही. केनवडची नोकरी लागली, रोज सकाळी बस, संध्याकाळी बस. दारातून निघाले की गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा मागं वळून बघायची, कडी नसल्यानं उलट जास्तच. आणि पुणे मला फार दिवस दिसत राहिलं, टेकडीसकट. आपल्या मर्जीनं राहिलो की जायला जागा उरली नाही म्हणून राहिलो, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. काही लोकांना मी मोठी त्यागी वाटते. मला त्या वेळी ते ऐकून राग यायचा, आता येत नाही. गप्पींना पिल्लं झाली, मोजता येणार नाहीत इतकी. चाचा अर्धी घेऊन गेले. बाबा भिंतीला धरून, मग काठी धरून चालू लागले. शब्द पुष्कळसे परतले, काही शेवटपर्यंत परतले नाहीत.

पावसाळा लागायच्या आधीची एक संध्याकाळ आहे. मी केनवडहून आले तर दार सताड उघडं. पलंग रिकामा. चादर नीट घडी करून ठेवलेली. काठी नाही. चपला नाहीत. पंप चालू होता, मासे वर आले, त्यांना वाटलं खाणं आलं.

मी दारात आले. गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. माझे पाय धावायला निघाले होते. मोठा रस्ता जवळ, ट्रक जातात, उजव्या पायाचा अंगठा अजून घासतो. विमलकाकूंनी ओट्यावरून विचारलं, "काय झालं वं?" मी "काही नाही" म्हणाले आणि आत येऊन बसले. बाबांच्या खुर्चीवर बसले. तासभर तरी. उठले नाही, दारापर्यंतही गेले नाही. विटांच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत सरकत गेलं आणि त्या एवढ्या वेळात मला कळलं की वाट बघत बसणं ही काय गोष्ट आहे. आजवर ती मी त्यांना करायला लावत होते.

मग काठीचा आवाज आला. हळू, थांबत थांबत. बाबा आत आले. चपलांना लाल माती होती. आमच्या गल्लीत लाल माती नाही. चेहरा उन्हानं तापलेला, आणि डोळ्यांत चमक होती, ती मी लहानपणी ते ड्यूटीवरून यायचे तेव्हा पाहिली होती की नाही आठवत नाही.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"टाक," ते म्हणाले, आणि खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभे राहिले.

पुढं ते तीन वर्षं जगले. त्या संध्याकाळी ते कुठं गेले होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी कधीही विचारलं नाही.